‘देव सोसणाऱ्यालाच दुःख देतो’ म्हणे!

शंकेखोर
परवा इथे कुणीतरी ‘दुःख ही देवाची परीक्षा’ असा लेख टाकला. खाली हात जोडलेल्यांची रांग. त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये: ‘देव दुःख त्यालाच देतो ज्याच्यात ते सोसायची ताकद असते.’ तिथे दोन ओळी लिहायला गेले, आवरेना, म्हणून वेगळा धागा.

एक तर हे धडधडीत खोटं आहे. दुःखाने कायमची मोडलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. त्यांच्या बाबतीत देवाचा अंदाज चुकला का? आणि परीक्षा घेतो कोण? ज्याला निकाल माहीत नसतो तो. सर्वज्ञाने पेपर काढायचा कशाला? नऊ वर्षांच्या पोराला मारून आईबापाची परीक्षा घेणाऱ्या मास्तरला आपण काय म्हणू, ते इथे लिहिता येणार नाही.

नऊ हा आकडा उगाच नाही घेतला. माझा भाऊ नऊ वर्षांचा असताना गेला. तापाचं निमित्त, पाच दिवसांत सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी ओळखीतल्या एक बाई भेटायला आल्या. त्याची चप्पल दाराशीच होती, एक सुलटी, एक उलटी. कुणाचा हात लावायचा धीर झाला नव्हता. बाईंनी ती पायाने बाजूला सारली, आत आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात हो.” आई आदल्या दिवसापासून एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, “मग तुमची दोन्ही अजून कशी आहेत?”

मी तेव्हा तेरा वर्षांची. पुढे एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर खपणारा तो प्रसिद्ध पेच वाचला. वाईट थांबवायची इच्छा आहे पण शक्ती नाही, तर देव दुबळा. शक्ती आहे पण इच्छा नाही, तर दुष्ट. दोन्ही आहे, तर मग हे सगळं आलं कुठून? वाचून वाटलं, आईने हे एका वाक्यात उरकलं होतं.

उत्तर द्या. ‘परीक्षा’, ‘लीला’ आणि ‘गूढ’ हे शब्द न वापरता.

निवांत_वाचक
ताई, भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण तुमचा प्रश्न मुळात आयात केलेला आहे. शून्यातून जग घडवणारा आणि माणसाला एकच जन्म देणारा देव मानला की ही अडचण येते. आपल्याकडे हा आक्षेप पूर्वपक्ष म्हणून घेऊन केव्हाच निकाली काढलाय. वेदान्ताचा मूळ ग्रंथ, ब्रह्मसूत्र २.१.३४ बघा. वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा, हे दोष ईश्वराला लागत नाहीत, कारण तो कर्माप्रमाणे फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दृष्टान्त देतात: पाऊस सगळ्यांना सारखाच, भात उगवणार की जव हे बियाण्यावर. मग पहिलं कर्म कुठून आलं, असं विचाराल, तर त्याचं उत्तर पुढच्याच सूत्रात आहे. संसार अनादि आहे. अध्यात्मिक बैठक नसताना या विषयाला हात घातला की असे धागे निघतात.

दोन_ओळी
‘आध्यात्मिक’. पहिला आ.
बाकी चालू द्या.

शंकेखोर
आयात? महाभारतातलं स्त्रीपर्व उघडा. शंभर मुलांची प्रेतं पाहून गांधारी कृष्णाला काय म्हणते? तुझ्यात शक्ती होती, माणसं होती, दोन्ही बाजू तुझं ऐकत होत्या, तरी तू उपेक्षा केलीस. शक्ती होती आणि थांबवलं नाहीस! ग्रीसला जायची गरजच काय? तिने शापसुद्धा दिला, छत्तीस वर्षांनी तुझंही कुळ असंच आपसांत लढून संपेल. आणि कृष्णाने तो हसत स्वीकारला. ‘बाई, तुमचा प्रश्न परका आहे’ असं नाही म्हणाला.

निवांत_वाचक
अर्धंच सांगितलंत. पुढच्या अध्यायात कृष्ण काय म्हणतो तेही लिहा. ‘ऊठ गांधारी, शोक करू नकोस, तुझ्याच अपराधामुळे कौरव मेले.’ म्हणजे कर्मच आलं ना?

शंकेखोर
वा. म्हणजे ती चप्पल सारणारी बाई परंपरेला धरूनच बोलली म्हणायची.

खडकफोड्या
भूशास्त्र शिकलोय म्हणून तोंड घालतो. १ नोव्हेंबर १७५५ चा लिस्बनचा भूकंप. सकाळची वेळ, सर्व संतांचा सण, लोक चर्चमध्ये. छपरं प्रार्थना करणाऱ्यांवरच कोसळली, मग समुद्र आत आला, मग आग. त्याआधी ४५ वर्षं लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाने सिद्ध करून ठेवलं होतं की शक्य असलेल्या सगळ्या जगांत हेच उत्तम. फ्रेंच लेखक व्होल्तेरने त्यावरून त्याची जी हजेरी घेतली ती अजून वाचतात.

पण मला वेगळंच म्हणायचंय. ज्या हालचालीने भूकंप होतात, तीच भूपट्ट्यांची हालचाल कार्बन पोटात घेते आणि ज्वालामुखीतून परत हवेत सोडते. पृथ्वीचं तापमान लाखो वर्षं राहण्याजोगं ठेवण्यात तिचा मोठा वाटा आहे. भूकंप नको म्हणाल तर कदाचित आपणही नसू. यात वाईट किंवा चांगलं काही नाही, जमीन हलते एवढंच.

शेवटचा_बाक
इंजिनिअरची बाजू छान मांडलीत. पण इंजिनिअरला बजेट असतं. सर्वशक्तिमानाला कसलं बजेट? त्याला कार्बनचं चक्र भूकंपाशिवाय जमत नाही, म्हणजे ताईंच्या पेचातला पहिला पर्याय.

खडकफोड्या
मी देवाचा वकील नाही हो. मी म्हणतोय देव काढून टाका, प्रश्नच उरत नाही.

शेवटचा_बाक
प्रश्न जातो, दुःख कुठे जातं? तुम्हीही पाणी पिऊन उठून गेलात.

सरळमार्गी
इथे सगळे देवाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून खूश दिसताहेत. जगातलं बहुतेक दुःख माणसाने माणसाला दिलेलं आहे. युद्धं देव करतो का? स्वातंत्र्य द्यायचं तर चुकायचंही स्वातंत्र्य द्यावं लागतं. चावी दिलेल्या बाहुल्या हव्यात का? मॅकी या तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये मोठ्या तोऱ्यात लिहिलं की चांगला, सर्वशक्तिमान देव आणि वाईट हे एकत्र असूच शकत नाहीत. प्लांटिंगा या दुसऱ्या तत्त्वज्ञाने स्वातंत्र्याचाच मुद्दा नीट बांधल्यावर तो तार्किक विरोध सिद्ध झालाय, असं म्हणणारे तत्त्वज्ञ फार उरले नाहीत. थोडं वाचा.

आणि एक. मुलगा गेल्यावर भेटायला आलेल्या बाईला ‘तुमची दोन्ही अजून कशी आहेत’ म्हणणं मला तरी शोभणारं वाटलं नाही. ती बिचारी चांगल्या मनाने आली होती.

शंकेखोर
काय?

रात्रपाळी
@सरळमार्गी, हे लिहिण्याआधी दहा मिनिटं थांबायचं होतं.

सरळमार्गी
का थांबू? कुणी आपलं दुःख मांडलं की बाकीच्यांनी विचारच करायचा नाही का? त्या बाईची मुलं काय मेलेली हवी होती? ते वाक्य शापासारखं आहे. दुःखाचा दंडुका करून फिरायचं आणि वर ‘उत्तर द्या’!

शेवटचा_बाक
शाप नव्हे, प्रश्न होता तो. बाईंनी नियम सांगितला, आईने त्यांच्याच घराला लावून दाखवला. नियम खरा असेल तर राग कशाचा? राग आला असेल तर नियम खोटा आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

निवांत_वाचक
इथे मी सरळमार्गींशी सहमत नाही. पण भेटायला जाणाऱ्याने करायचं तरी काय? गप्प बसलं तर म्हणतात दगडासारखा बसून होता. बोललं तर हे असं. आम्हाला कुणी शिकवलं नाही. घरातल्या मोठ्यांनी जी वाक्यं वापरली तीच आम्ही वापरली.

रात्रपाळी
बायबलातल्या ईयोबाचे तिघे मित्र त्याला भेटायला येतात. सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसतात. एक अक्षर बोलत नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. आठवड्याने तो स्वतः तोंड उघडतो आणि मग हेही सुरू होतात: तुझंच काहीतरी चुकलं असणार, देव उगाच शिक्षा करत नाही. शेवटी देवाचा राग कुणावर? ओरडून भांडणाऱ्या ईयोबावर नाही. देवाची बाजू घेणाऱ्या या तिघांवर. पहिल्या सात दिवसांत ते अगदी बरोबर होते.

मी लहान मुलांच्या कॅन्सरच्या वॉर्डात काम करते. सव्वा वर्षाचं एक मूल आलं होतं. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकत होती, एवढंच लक्षण. डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. आरबी-वन नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती एखाद्या पेशीत बिघडल्या की तो होतो. पेशी विभागताना झालेली नक्कल करायची चूक. हे मी त्या आईला तीनदा समजावलं. तिन्ही वेळा तिने मान हलवली, मग विचारलं, “गरोदरपणी मी फार रडायचे, त्याने झालं का?” दाराबाहेर तिची सासू कुणाला तरी फोनवर सांगत होती, मागच्या जन्मीचं असेल काही.

@निवांत_वाचक, तुमचा पावसाचा दृष्टान्त कागदावर सुंदर आहे. वॉर्डात त्याचा अर्थ ‘बियाणं खराब’ एवढाच पोचतो. मूल वाचलं, डोळा गेला. आईच्या डोक्यातलं मात्र अजून गेलेलं नाही.

निवांत_वाचक
कर्मसिद्धान्त दुसऱ्याला दोष देण्यासाठी नाहीच मुळी. स्वतःच्या वाट्याला आलेलं स्वीकारण्यासाठी आहे. लोक गैरवापर करतात त्याला सिद्धान्त काय करणार?

शंकेखोर
थांबा, हे तुम्ही आत्ता जे लिहिलंत ना, नेमकं तेच मला म्हणायचं होतं आणि सकाळपासून जमत नव्हतं.

तुकोबा घ्या. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ. पैसा गेला, मान गेला, ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. आणि तेच तुकोबा म्हणतात, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’. हे वाचून मला राग येत नाही. अंगावर काटा येतो. कारण ‘बरें जालें’ म्हणणारा माणूस स्वतः त्यात होरपळलाय. हेच वाक्य शेजाऱ्याने येऊन म्हटलं असतं तर? ‘बरं झालं तुक्या, बायको गेली, आता भजनाला वेळ मिळेल.’ शब्द तेच, पण मी त्या शेजाऱ्याला दारात उभं केलं नसतं.

तुमचा कर्मसिद्धान्त, सरळमार्गींचं स्वातंत्र्य, त्या लेखातली परीक्षा, सगळ्यांचं हेच आहे. ज्याचं जळलं त्याने म्हटलं तर मी ऐकून घेईन. न जळलेल्याने माझ्या हातात द्यायचं ते उत्तर नाही.

सरळमार्गी
म्हणजे फक्त दुःखी माणसांनीच तत्त्वज्ञान करायचं? ही भावनिक दादागिरी झाली. गणित चूक की बरोबर हे सोडवणाऱ्याचं दुखतंय की नाही यावर ठरत नाही. आणि माझ्या मुद्द्याला अजून कुणी हात लावलेला नाही.

शेवटचा_बाक
लावतो. स्वातंत्र्य कुणाचं? त्या सव्वा वर्षाच्या पोराचं की जनुकाचं? १९७९ मध्ये विल्यम रो या तत्त्वज्ञाने हेच विचारलं होतं. वीज पडून वणवा लागतो, हरणाचं पाडस होरपळतं, काही दिवस तडफडून मरतं. आसपास माणूस नाही. कुणी पाहिलं नाही, कुणी त्यातून काही शिकलं नाही. त्या पाडसाच्या तडफडण्याने कुणाचं स्वातंत्र्य राखलं? आणि तुमचे प्लांटिंगा दाखवतात ते इतकंच की दोन्ही एकत्र असणं अशक्य नाही. ‘अशक्य नाही’ आणि ‘खरं आहे’ यांत केवढं अंतर आहे! मी लॉटरी जिंकणंही अशक्य नाही.

सरळमार्गी
ठीक आहे. आजारपणाला आणि वणव्याला माझा मुद्दा पुरत नाही. युद्धाला पुरतो. एवढ्यावर समाधान माना.

आईबद्दलचं वाक्य मात्र मागे घेणार नाही.

शंकेखोर
घेऊ नका. आई अजून आहे, सत्तरी ओलांडलीय. तिला फोनवर वाचून दाखवलं तुमचं. म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं. त्या बाईची मुलं काही माझी वैरी नव्हती.” मग थोडं थांबून म्हणाली, “पण तिने चप्पल पायाने सारली.”

एवढी वर्षं मी धरून बसले होते की ती त्या वाक्याला उत्तर देत होती.

निवांत_वाचक
आता लिहितोच. माझ्या एका मित्राची बायको गेली तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, “जे होतं ते चांगल्यासाठीच.” तो उठला, आत गेला, बाहेर आलाच नाही. मी अर्धा तास एकटा बसलो आणि निघालो. त्याला अकरा वर्षं झाली, बोलणं बंद आहे. मी इतके दिवस त्याला कृतघ्न समजत होतो.

सूत्र २.१.३४ अजूनही बरोबर आहे असंच माझं मत आहे, ते बदलणार नाही. ते त्याच्या घरी जाऊन सांगायचं नव्हतं, एवढं मान्य.

रात्रपाळी
काका, अजून फोन करता येईल.

निवांत_वाचक
नंबर बदललाय त्याने. बघतो कुणाकडून मिळाला तर. असल्या बाबतीत अध्यात्मिक पुस्तकं काही कामाला येत नाहीत.

दोन_ओळी
आध्यात्मिक, काका.
नंबर मिळाला की सांगा.