शब्दचर्चा : 'वात होणे' आणि 'स्मृतिभ्रंश'

प्रश्न : डिलिरियमला, म्हणजे आजारपणात अचानक भान सुटतं त्याला, मराठीत काय म्हणायचं? छापील लेखात 'मुग्धभ्रांती' वाचला, पण घरात तसं कुणी बोलत नाही. डिमेन्शियासाठीचा 'स्मृतिभ्रंश' इथेही चालेल का?

प्रतिसाद : मुळीच नको. दोन्ही वेगळे, आणि घोळ झाला तर उपचाराला उशीर होतो.

बोलीत डिलिरियमला शब्द आहे : वात. 'तापात वात झालाय, काहीबाही बरळतोय' असं जुनी माणसं सहज म्हणत. त्यात दोन गोष्टी आपसूक येतात. वात अचानक होतो, आणि अंगात काहीतरी बिघडलंय म्हणून होतो. डॉक्टरही तेच शोधतात : लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, घटलेलं सोडियम, तुंबलेली लघवी, झोपेची किंवा सर्दीची एखादी गोळी, खुब्याच्या ऑपरेशननंतरचे दिवस. कारण सापडलं की बहुतेकदा माणूस ताळ्यावर येतो, काहींना मात्र आठवडे लागतात.

स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी सरकत येतो. सुरुवातीला माणूस सावध असतो, समोरच्याचं नीट ऐकतो. फक्त सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. वातात लक्षच ठरत नाही. रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा, 'रविवार, शनिवार' म्हणून खिडकीकडे बघत बसतील. दुपारी बरे, रात्री सलाईनची नळी ओढतील. (लुई बॉडी प्रकारच्या डिमेन्शियातही असा चढउतार आणि भास असतात, तेव्हा निदान घरी करू नये.)

गीतेत 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो' आहे, पण तिथे रागाने भान सुटण्याची गोष्ट आहे, म्हातारपणाच्या आजाराची नाही. आणि 'म्हातारचळ' हा शब्द तर हद्दपारच करावा.

दुसरा प्रतिसाद : पण आता 'वात' म्हटलं की लोकांना गुडघे आठवतात. केमिस्ट तेलाची बाटली काढून देईल! शिवाय वात झालेला माणूस म्हणजे बडबडणारा, हातवारे करणारा. जो गप्प पडून असतो त्याचं काय?

प्रतिसाद : हे खरं, आणि तिथेच आपला शब्द तोकडा पडतो. डिलिरियमचा एक प्रकार अगदी शांत असतो. माणूस पेंगतो, घास तोंडात धरून बसतो, हाकेला उशिरा ओ देतो. घरचे म्हणतात, 'थकलेत, झोपू दे.' म्हातारपणी हाच प्रकार जास्त आढळतो आणि हाच जास्त निसटतो. त्याला 'वात' कुणी म्हणणार नाही. मी 'अचानक आलेला भ्रम' म्हणतो. लांबलचक आहे, पण 'अचानक' सोडू नये.

मूळ प्रश्नकर्ता : आणि आधीच स्मृतिभ्रंश असलेल्याला भ्रम झाला तर?

प्रतिसाद : होतो, इतरांपेक्षा लवकर होतो. म्हणूनच 'त्यांचं नेहमीचंच आहे' हे वाक्य धोक्याचं. डॉक्टरांना फोनवर 'आजी विसरायला लागल्यात' म्हणाल तर पुढच्या आठवड्याची वेळ मिळेल. त्यापेक्षा सांगा, 'परवापर्यंत नातवंडांची नावं सांगत होत्या, काल संध्याकाळपासून दिवस की रात्र कळत नाहीये.' चालू गोळ्यांची सगळी पाकिटं, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यांसकट, पिशवीत घालून न्या. चष्मा आणि कानाचं मशीनही न्या. ते नसेल तर भ्रम आणखी वाढतो.