मदत हवी आहे : शेवी ३५०, मोठा कॅम. पीसीव्ही (इंजिनाच्या आतली वाफ व्हॅक्यूमने ओढून पुन्हा जाळायला पाठवणारा व्हॉल्व्ह) लावू की नुसते ब्रीदर (हवा ये-जा करू देणारी टोपी) ठेवू?

गाडी १९७१ ची शेव्हरोले नोव्हा, न्यू जर्सीत. ३५० स्मॉल ब्लॉक, ड्युअल प्लेन मॅनिफोल्ड, होली ६५० कार्ब्युरेटर, ऑटोमॅटिक गिअर. कॅम ०.०५० इंच लिफ्टवर २३०/२३६ अंश, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा. गिअरमध्ये आयडलला व्हॅक्यूम जेमतेम ९ इंच. सध्या दोन्ही टॅपेट कव्हरवर ब्रीदर आहेत. केबिनमध्ये तेलाचा वास येतो, कव्हरवर चिकट थर बसतो आणि फिलरच्या झाकणाखाली पिवळट साय धरते. स्टॉक पीसीव्ही लावला तर आयडल वरखाली होतं आणि हायवेवर निळा धूर निघतो. एक्झॉस्टला जोडून त्याच्या ओढीने ही वाफ काढायचं किट घ्यावं का?

प्रतिसाद १
ते किट नको. सायलेन्सर असलेल्या गाडीत कलेक्टरमध्ये (एक्झॉस्टच्या नळ्या एकत्र येतात तिथे) पुरेशी ओढच नसते, शिवाय उष्णतेने चेक व्हॉल्व्ह जळतो. व्हॅक्यूम पंपही रस्त्यावरच्या गाडीला कशाला?

नुसत्या ब्रीदरमध्ये आतली वाफ ओढून काढणारं काहीच नाही. ब्लो-बायमधलं (पिस्टनच्या रिंगांजवळून खाली निसटणाऱ्या वायूतलं) पाणी तेलात मिसळतं, तीच तुमची साय. पीसीव्ही हवाच, फक्त हा नको. स्टॉक व्हॉल्व्हचा प्लंजर साधारण १६-१८ इंच व्हॅक्यूमला आत खेचला जाऊन आयडलची हवा कमी करतो. ९ इंचाला तो मध्येच लटकतो, फडफडतो. जास्तीची हवा आत जाते, मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), आयडल डोलतं. एम/ई वॅगनर कंपनीचा ड्युअल फ्लो ॲडजस्टेबल व्हॉल्व्ह बघा. स्वस्त नाही, पण व्हॅक्यूम इतकाच कमी असेल तर त्याचा फिक्स्ड ऑरिफिस (ठरावीक मापाच्या भोकाचा) मोड वापरता येतो.

धुराचं कारण वेगळं दिसतंय. टॅपेट कव्हर नवी आहेत का? व्हॉल्व्ह बसतो त्या रबरी ग्रोमेटखाली बॅफल (तेलाचे शिंतोडे अडवणारी पट्टी) आहे?

धागाकर्ता
कव्हर काढून पाहिलं. ॲल्युमिनियमची नवी आहेत, बॅफल नाही. भोकातून थेट रॉकर दिसतो.

प्रतिसाद २
मग रॉकरने उडवलेलं तेलच व्हॉल्व्ह ओढतोय. आधी बॅफल बसवा, रॉकरला घासत नाही ना ते इंजिन हाताने फिरवून बघा. कॅच कॅन (होजमधलं तेल अडवून साठवणारा डबा) लावणार असाल तर पूर्ण बंद असलेलाच घ्या. डोक्यावर फिल्टर असलेला कॅन पीसीव्हीच्या होजमध्ये लावलात तर तो व्हॅक्यूम लीकच झाला.

प्रतिसाद १
बरोबर. आता जोडणी. व्हॉल्व्ह एका कव्हरवर, ३/८ इंची होज कार्ब्युरेटरच्या बेसवरच्या मोठ्या पोर्टला. मॅनिफोल्डच्या एखाद्या रनरला (एकाच सिलिंडरला जाणाऱ्या वाटेला) जोडू नका, तो एकच सिलिंडर लीन होईल. होज तेल सहन करणारी घ्या. हीटरची होज मऊ पडून आत चिकटते. दुसऱ्या कव्हरवरचा ब्रीदर नळीने एअर क्लीनरच्या आत न्या, म्हणजे आत जाणारी हवा गाळलेली असेल आणि केबिनमधला वासही जाईल.

इंजिन गरम करून आयडल मिक्श्चर स्क्रू नव्याने लावा, व्हॅक्यूम गेजवर सर्वांत जास्त आकडा येईल तिथे. नंतर आयडल स्पीड. हे टाळून लोक पीसीव्हीला नावं ठेवतात!

तपासणी सोपी आहे. आयडलला ब्रीदर काढून त्या भोकावर पातळ कागद धरा. हलकेच चिकटला तर ठीक. उडाला तर व्हॉल्व्ह पुरा पडत नाही किंवा रिंग गेल्यात.

प्रतिसाद २
एक भर. फुल थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम राहत नाही, तेव्हा जास्तीचा ब्लो-बाय ब्रीदरच्या नळीने उलटा एअर क्लीनरमध्ये जातो. तिथे थोडा ओलावा चालेल. तेलाचं थारोळं दिसलं तर व्हॉल्व्हशी खेळत बसू नका, लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघणारी) करून घ्या.