ललिता पवार यांची कारकीर्द : अपघातापलीकडे काय?

प्रश्न
ललिता पवार यांचा विषय निघाला की 1942 मध्ये चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा बारीक राहिला आणि नायिकेची खाष्ट सासू झाली, एवढेच सांगून लोक थांबतात. हे सारे खरे असले, तरी पुढची पंचेचाळीस-पन्नास वर्षे केवळ बारीक डोळ्याच्या बळावर कोणी टिकून राहील का? त्यांच्या अभिनयाविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद 1
येवल्यात 1916 साली जन्मलेल्या ललिताबाई मूकपटांपासून काम करत होत्या आणि भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'मध्येही (1939) त्या होत्या, त्यामुळे चरित्र भूमिकांकडे त्या वळल्या तेव्हा त्यांच्या गाठीशी भरपूर अनुभव होता. 'रामशास्त्री'मधली (1944) आनंदीबाई पाहावी. तेव्हा त्या जेमतेम अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. 'ध'चा 'मा' करणारी म्हणून प्रत्येक मराठी घराला आधीच माहीत असलेली ही बाई उभी करायची, म्हणजे प्रेक्षकाच्या मनातल्या आनंदीबाईशीच सामना होता.

प्रतिसाद 2
मला त्यांच्या मायाळू भूमिका अधिक मोलाच्या वाटतात. 'श्री 420'मध्ये (1955) दोन आण्यांना तीन केळी की तीन आण्यांना दोन, यावरून राज कपूरशी हुज्जत घालणारी केळेवाली आठवा. आवाज चढलेला असतो, पण त्या पोराविषयीचा जिव्हाळा त्याच आवाजातून पाझरू लागतो. 'अनाडी'तल्या (1959) मिसेस डिसा हीच जात अधिक खोलवर नेतात : भाड्यावरून भाडेकरूला फैलावर घेणारी आणि त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करणारी ही घरमालकीण भेसळयुक्त औषधाने दगावते, तेव्हा संपूर्ण कथेचा तोल तिच्या मृत्यूवर येऊन ठेपतो. या भूमिकेला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर मिळाले. विशेष म्हणजे राज कपूर त्यांच्यापेक्षा अवघ्या आठ वर्षांनी लहान होते, आणि तरीही पडद्यावर ते मायलेकाचे नाते क्षणभरही खोटे वाटत नाही.

प्रतिसाद 3
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, मात्र खाष्टपणालाही कमी लेखू नये. 'जंगली'तली (1961) करारी आई आणि रामानंद सागरांच्या 'रामायण' मालिकेतली मंथरा या एकाच साच्यातल्या बायका नव्हेत. 'जंगली'तली आई ताठ मानेने हुकूम सोडते. मंथरेचे सारे काम मात्र वाकलेल्या पाठीने, कैकेयीच्या कानाशी लागून चालते. आमच्या आजीला ही मंथरा पडद्यावर आली की राहवत नसे, 'मेली, पुन्हा आली घर फोडायला' असे ती मोठ्याने म्हणे आणि पदर सावरून आणखी पुढे सरकून बसे. तेव्हा ललिताबाईंनी सत्तरी ओलांडलेली होती.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. 'रामशास्त्री' मी पाहिलेला नाही, तो आता आधी पाहते. आनंदीबाई स्वतःच्या हाताने अक्षर बदलते आणि मंथरा दुसरीच्या तोंडून वर मागवून घेते, हा फरक ललिताबाईंनी कसा दाखवला असेल, याचीच उत्सुकता आहे.