शब्दचर्चा : सलाईनच्या नळीतला ‘ब्रेकअवे’ जोड सुटतो, तुटतो की निखळतो?

मूळ प्रश्न

नमस्कार. मी रुग्णांसाठीची माहितीपत्रकं मराठीत आणते. दोन दिवस एकाच शब्दावर अडले आहे, म्हणून इथे विचारते.

वस्तू अशी आहे. हाताच्या शिरेत बसवलेल्या कॅन्युलाची (म्हणजे ज्यातून सलाईन जातं त्या बारीक सुईवजा नळीची) आखूड नळी आणि बाटलीकडून येणारी लांब नळी यांच्यामध्ये एक छोटा जोड बसवतात. नळीला जोरात हिसका बसला, तर सुई हातातून उपटून येण्याआधी हा जोड मधोमध दोन भागांत वेगळा होतो. दोन्ही भागांत झडप असते आणि ती लगेच मिटते. त्यामुळे इकडून रक्त येत नाही, तिकडून औषध गादीवर सांडत नाही. मग सिस्टर ते दोन्ही भाग टाकून देतात आणि नवा निर्जंतुक जोड लावतात. अमेरिकेतल्या लिनिअस मेडिकल या कंपनीचा ‘सेफब्रेक व्हॅस्क्युलर’ याच जातीचा आहे.

पहिल्या खर्ड्यात मी ‘तुटणारा जोड’ लिहिलं होतं. ते वाचताना वडिलांची एक रात्र आठवली. ते दवाखान्यात होते, मी खुर्चीत डुलक्या घेत होते. वडील बाथरूमला जायला उठले, तेव्हा नळी कॉटच्या कठड्यात अडकली होती, ती अंधारात दिसली नाही. एक पाऊल टाकलं आणि निळी व्हेनफ्लॉन, म्हणजे तीच कॅन्युला, चिकटपट्टीसकट बाहेर आली. सदऱ्याची बाही रक्ताने भिजली. पुढे सिस्टर बराच वेळ शीर शोधत होत्या. तिसऱ्या टोचण्याला मिळाली. त्यानंतर वडील सलाईनच्या हाताला कुणाला स्पर्शही करू देत नव्हते. अशा माणसाच्या हातात ‘तुमच्या नळीत तुटणारा जोड आहे’ असं पत्रक कसं द्यायचं? चप्पल तुटते, तार तुटते, नातं तुटतं. ‘तुटणे’ म्हटलं की नुकसानच डोळ्यांपुढे येतं. म्हणून ‘सुटणारा जोड’ करू का?

प्रतिसाद : वॉर्डात काम करणारी

ताई, तुमच्या वडिलांसारखे पेशंट रोज बघते, म्हणून लिहिते.

आधी आमच्याकडची बोली सांगते. नातेवाईक धावत येतात ते ‘सिस्टर, सलाईन निघालं’ किंवा ‘सुई सटकली’ असं सांगत. हात सुजला असेल तर ‘सलाईन बाहेर जातंय’. ‘विलग झाले’ कुणी म्हणत नाही, तेव्हा तो शब्द पत्रकात नको. सलाईन म्हणजे खरं तर मिठाचं पाणी, पण ग्लुकोजच्या बाटलीलाही सगळे सलाईनच म्हणतात, आणि त्याने काही बिघडत नाही.

‘सुटणारा’ला मात्र माझी हरकत आहे. सुटलेलं आपण लगेच बांधतो. साडीच्या निऱ्या सुटल्या की खोचायच्या, नाडी सुटली की बांधायची. हात आपोआप तिकडे जातो. फरशीवर पडलेलं नळीचं टोक उचलून, पदराला पुसून परत खोचणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती मायेनेच तसं करत होती. नळीच्या जोडाचं टोक, ज्याला लूअर म्हणतात, ते निमुळतं असतं, दाबलं की बसतं, त्यामुळे कुणालाही जमतं. पण त्या टोकाला लागलेली घाण थेट रक्तात जाते. ‘तुटला’ म्हटलं तर निदान परत जोडायला कुणी जाणार नाही.

प्रतिसाद : सेट बनवण्याच्या धंद्यातला

सिस्टरांचं म्हणणं पटलं. मी आयव्ही सेटच्या, म्हणजे सलाईनच्या नळ्यांच्या, उत्पादनात, तपासणी विभागात आहे.

आमचा सगळा जन्म ‘तुटू नये’ यातच जातो. आयएसओ ८५३६-४ या मानकाप्रमाणे अशा इन्फ्यूजन सेटने १५ न्यूटनचा ताण १५ सेकंद सोसला पाहिजे. म्हणजे साधारण दीड किलो वजन नळीला टांगून ठेवल्यासारखं. अशा साखळीत मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवायचा आणि तो नेमक्या वेळी, नेमक्या जागी सोडवायचा, हे सोपं काम नाही. कूस बदलताना किंवा बाही ओढताना बसणाऱ्या ताणाला तो वेगळा होता कामा नये. सुई उपटण्याइतका ताण येण्याच्या आत मात्र झालाच पाहिजे. या दोन्हींमधली जागा अरुंद आहे, आणि ती माणसागणिक बदलते. म्हाताऱ्यांची कातडी पातळ, तापातल्या मुलाचा हात घामेजलेला, तिथे चिकटपट्टी लवकर सोडते. शिवाय हिसका सरळच बसतो असं नाही, नळी कठड्यावरून तिरकी ओढली जाते.

आणखी एक. ‘सुरक्षा जोड’ असं नाव कुणी सुचवेल, ते मला नको वाटतं. औषध मोजून ढकलणाऱ्या पंपावर लाइन असेल तर झडप मिटल्यावर अडथळ्याचा अलार्म वाजतो. साधी बाटली टांगलेली असेल तर काहीच वाजत नाही, फक्त थेंब पडायचे थांबतात. रक्तदाब टिकवायला नॉरॲड्रेनलिन चालू असेल, तर ते काही मिनिटं थांबणंसुद्धा जिवावर बेतू शकतं. नावातच ‘सुरक्षा’ आली की माणूस थेंबांकडे बघायचं सोडतो.

प्रतिसाद : भाषेच्या अंगाने

‘निखळणे’चा विचार झाला का? सांध्यातूनच वेगळं होणं, हा अर्थ त्यात नेमका आहे. दात निखळतो, खिळा निखळतो.

दुसरं, आपल्याकडे निरगाठ आणि सुरगाठ अशी जोडी आहे. निरगाठ ओढावी तितकी आवळते. सुरगाठ धरून ठेवते, पण तिचं टोक ओढलं की अलगद सुटते, दोरीला इजा होत नाही. आमच्या आजोबांच्या गोठ्यात दावं सुरगाठीनेच बांधायचे, वेळप्रसंगी एका ओढीत जनावर मोकळं करता यावं म्हणून. त्यावरून ‘सुरजोड’?

प्रतिसाद : वॉर्डात काम करणारी

‘निखळला’ म्हटलं की आमच्याकडे लगेच खांदा! पेशंट हाडांच्या डॉक्टरांना बोलवायला लावेल. ‘सुरजोड’ छान आहे हो दादा, पण सुरगाठ तरी किती जणांना माहीत आहे? पत्रक वाचणारा आधीच घाबरलेला असतो, त्याला नवा शब्द शिकायची ताकद नसते.

प्रतिसाद : मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘सुरजोड’ मला फार आवडला. आणखी एक फरक जाणवला, की सुरगाठ आपण समजून-उमजून ओढतो आणि हा जोड चुकून ओढला जातो. परिभाषेच्या यादीत हा शब्द जरूर जावा. पत्रकात मात्र नको.

मी एकच क्रियापद शोधत होते आणि तिथेच अडले होते. मला दोन लागणार आहेत: एक हिसका बसतो त्या क्षणासाठी, दुसरं त्यानंतरसाठी. त्या क्षणी तो सुटतो, कारण रुग्णाला धीर हवा. नंतर मात्र तो निकामी, कारण कुणी परत खोचू नये. आता असं लिहिलं आहे:

‘नळीला जोरात ओढ बसली तर हा जोड सुटतो आणि हातातली सुई जागेवर राहते. एकदा सुटलेला जोड निकामी झाला. तो परत जोडू नका. लगेच सिस्टरांना बोलवा. बाटलीतले थेंब थांबलेले दिसले तरी बोलवा.’

प्रतिसाद : वॉर्डात काम करणारी

थेंबांचं वाक्य घातलंत ते फार बरं केलंत. फक्त ‘निकामी’च्या जागी ‘बाद’ लिहा. मावशींनाही तोच शब्द कळतो, आणि कचऱ्याच्या कुठल्या डब्यात काय टाकायचं ते शेवटी त्याच बघतात.