पाहुण्यांनो, बडोद्यात अलकापुरीचा हट्ट कशाला?

दांडियाबाजारकर
दिवाळीची सुट्टी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "दोन रात्री येतोय, बरोबर आई आणि पोरं आहेत, अलकापुरीत कुठलं हॉटेल बघू?" अलकापुरीशिवाय दुसरं नावच कुणाच्या तोंडी नाही. माझं म्हणणं सरळ आहे: अलकापुरी रेल्वेरुळांच्या पश्चिमेला; सहकुटुंब येताय ना, मग रुळांच्या पूर्वेला उतरा. सयाजीगंजात, नाहीतर थेट रावपुऱ्यात.

बघायचं जवळजवळ सगळं याच बाजूला आहे. लक्ष्मीविलास राजवाडा, कीर्तिमंदिर, सूरसागर, न्यायमंदिर, लहरीपुरा दरवाजा, मांडवी. सयाजीगंजातल्या काळा घोडा चौकापाशी उतरलात तर कमाटी बाग चालत गाठता येते. पोरं कंटाळली की पाच मिनिटांत खोलीवर. तिथल्या संग्रहालयात देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, इजिप्तची ममी आहे. पोरं तिथून हलत नाहीत, हा माझा अनुभव. आणि रावपुऱ्यातला तांबेकर वाडा किती पाहुण्यांना माहीत असतो? भिंतीच्या भिंती महाभारताच्या आणि कृष्णलीलेच्या चित्रांनी भरल्यात. अलकापुरीत राहून काय बघणार, शोरूम?

गोत्रीची_सून
दादा, तुमचं घरच तिथे, तुम्हाला गाडी लावायची चिंता नाही. पाहुणे पुण्याहून गाडी घेऊन येतात. दिवाळीच्या आधी जुन्या गावातल्या मंगळ बाजारात माणसाला पाय ठेवायला जागा नसते, तिथे इनोव्हा घालणार? शिवाय रावपुऱ्यातल्या जुन्या लॉजना लिफ्ट नाही. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना रोज दोन मजले चढवून तांबेकर वाडा दाखवू का?

अलकापुरीत रस्ते रुंद आहेत, झाडं आहेत. रात्री दहाला मूल तापलं तर औषधाचं दुकान हाकेच्या अंतरावर. बघायचं लांब असलं तर रिक्षा आहे. राहणं म्हणजे झोपणं, अंघोळ आणि वेळेवर नाश्ता. दिवसभर हिंडायचंच आहे की.

दांडियाबाजारकर
वहिनी, गाडीचं मान्य, म्हणून तर सयाजीगंज आधी म्हटलं. पण "रिक्षा आहे" हे तुम्ही बोलता, कारण संध्याकाळी सहाला तुम्ही गरनाळ्यात अडकलेल्या नाही. स्टेशनजवळचा तो एक बोगदा, आणि दोन्ही बाजूंनी सगळं गाव तिथेच घुसतं. पाहुण्यांचा अर्धा तास तिथेच जातो.

गोत्रीची_सून
अडकलेली नाही? रोज अडकते! म्हणूनच म्हणते, पाहुण्यांनी सकाळी एकदा निघावं आणि रात्री जेवून उशिरा परतावं. दुपारी खोलीवर यायचा हट्ट कशाला?

दांडियाबाजारकर
कारण बरोबर आई आहे आणि पोरं आहेत. दुपारी पाठ टेकायला नको?

हालोल_रोड
तुमचं दोघांचं भांडण गावातल्या गावात चाललंय. बडोद्यात दोन रात्री काढणारे बहुतेक लोक एक दिवस बाहेर जातातच. पावागड-चांपानेर साधारण पन्नास किलोमीटर, एकतानगरचा सरदार पटेलांचा पुतळा नव्वदच्या आसपास. पहिला रस्ता हालोलचा, दुसरा डभोईचा, आणि दोन्ही पूर्वेकडून निघतात. जाताना पहाटे रस्ते मोकळे असतात, कुठूनही निघा. खरी परीक्षा परतताना होते. रोपवेची रांग, वर पायऱ्या, म्हातारी माणसं दमलेली, आणि संध्याकाळी सातला सगळं शहर ओलांडून अलकापुरी गाठायची. त्या दिवशी पूर्वेच्या हॉटेलाची किंमत कळते. बाहेर जायचंच नसेल तर मात्र वहिनींचं बरोबर.

कारेलीबागवाला
हॉटेल कशाला? आत्याकडे उतरा.

गोत्रीची_सून
आत्याला विचारलंत का? एक बाथरूम आणि सकाळी पावागडला निघायची सहा जणांना घाई.

मुलुंडची_शुभा
पाहुण्यांच्या बाजूने लिहिते. आम्ही सयाजीगंजातच उतरलो होतो. हॉटेलचं नाव घेत नाही. फोटोत खोलीला छान खिडकी दिसत होती. पडदा सरकवला तर समोर हातभर अंतरावर दुसरी भिंत आणि मध्ये एसीच्या यंत्रांची रांग. स्टेशनसमोर असली हॉटेलं बरीच आहेत. रस्त्याकडची खोली घ्यावी तर रात्रभर हॉर्न. जागा सोयीची होती हे खरं, संध्याकाळी कमाटी बागेत आरामात फिरलो. पण पुन्हा आलो तर खोली बघितल्याशिवाय पैसे देणार नाही.

आणि पावसाळ्यात येणाऱ्यांना कुणी सांगा ना! ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्तीत शिरलं, मगरी रस्त्यावर आल्या, हे टीव्हीवर आम्हीही बघितलं.

दांडियाबाजारकर
शुभाताई, पुराला पूर्व-पश्चिम कळत नाही. अकोटा रुळांच्या पलीकडे आहे, तिथेही पाणी होतंच. पण खिडकीचं तुमचं शंभर टक्के खरं. स्टेशनच्या अगदी तोंडावर घेऊ नका. जरा आत, काळा घोडा किंवा फतेगंजच्या बाजूला बघा.

गोत्रीची_सून
म्हणजे आता रावपुरा गळला, सयाजीगंज अर्धं गळलं, फतेगंज उरलं! चला, फतेगंजला माझी हरकत नाही, तिथे गाडी लावता येते. पण जेवायला मी तरी पलीकडेच नेईन.

हालोल_रोड
जेवण कुठेही करा, पण वार बघा. सोमवारी लक्ष्मीविलास बंद आणि एकतानगरचा पुतळाही बंद. शनिवार-रविवारला सोमवार जोडून येणाऱ्यांनी राजवाडा आधी उरकावा आणि सोमवारी चांपानेर घ्यावं. गर्दी तेव्हा बेताची असते.