मदत हवी आहे: सगळ्यांनी मिळून घडवलेलं पात्र एकाने स्वतःच्या नावावर केलंय

मंडळी, थोडं लांबेल, पण पूर्ण वाचून मग सांगा.

२०२१ च्या लॉकडाउनमध्ये आम्ही आठ जण एका डिस्कॉर्ड ग्रुपवर जमलो. सगळे हात्सुने मिकू या जपानी संगणकी गायिकेच्या गाण्यांचे वेडे. कुणी पुण्याचं, कुणी नाशिकचं, एक जण जर्मनीत, मी सांगलीची. एका रात्री विषय निघाला की मराठीत गाणारी अशी आपली कुणी का नसावी? यूटाऊ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात आपलाच आवाज रेकॉर्ड करून भरता येतो, कंपनी वगैरे लागत नाही. ठरलं.

आवाज माझा. कपाटात दोन गोधड्या टांगायच्या, त्यात माईकसकट डोकं खुपसायचं आणि का, कि, कु करत बसायचं. जपानी अक्षरांच्या यादीवर आपलं भागत नाही हो. चहातला च वेगळा, चाकातला वेगळा. शिवाय ण आणि ळ. सव्वातीनशे फाइली झाल्या. प्रत्येक फाइलीत व्यंजन कुठे संपतं आणि स्वर कुठून ताणायचा हे मिलिसेकंदात मोजून ओटो फाइलीत भरावं लागतं. ते मी आणि जर्मनीवाल्याने मिळून केलं, अडीच महिने लागले. 'ळे' रेकॉर्ड करत असताना गच्चीवरून एक टिटवी ओरडत गेली. मी कंटाळा केला, पुन्हा घेतलं नाही. फाइल ग्रुपवर टाकली तेव्हा सगळे खो खो हसले आणि नाशिकच्या मैत्रिणीने तिथल्या तिथे बारसं केलं: टिटवी. मग गप्पा रंगल्या. टिटवीसारखे पिवळे पाय म्हणून पिवळे मोजे, डोळ्यांपाशी लाल ठिपका, रात्री झोपत नाही, कुणी जवळ आलं की आधी आरडाओरडा. यातलं काय कुणाचं, ते आता चॅट उकरल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही.

चित्र दादाने काढलं. (नाव लिहीत नाही. वयाने मोठा आणि पेशाने डिझायनर, म्हणून आम्ही सगळे दादाच म्हणतो.) खोटं कशाला बोलू, चित्र अप्रतिम आहे.

गेल्या दिवाळीनंतर त्याने एका कार्यक्रमात स्टॉल लावला. टिटवीची कीचेन, स्टिकर. मागच्या बाजूला कॉपीराइटची खूण आणि त्याचं एकट्याचं नाव. आम्हाला इन्स्टावर फोटो दिसला तेव्हा कळलं. म्हटलं जाऊ दे, छपाईचे पैसे त्याने घातलेत. मग त्याने व्हॉइसबँकची (म्हणजे माझ्या आवाजाच्या सगळ्या फाइलींची) झिप स्वतःच्या पानावर चढवली, तीही रीडमी (सोबतची माहितीची फाइल) बदलून. आधी तिथे आठ नावं होती. आता 'संकल्पना, निर्मिती, सर्व हक्क' समोर एक नाव आणि तळाला 'ग्रुपमधील मित्रांचे आभार'. म्हणजे घसा माझा आणि मी आभारात!

कहर मागच्या आठवड्यात झाला. मैत्रिणीने टिटवीकडून भोंडल्याचं गाणं गाऊन घेतलं, दादाचंच चित्र लावून यूट्यूबवर टाकलं. दोन दिवसांत दादाच्या तक्रारीवरून तिच्या चॅनलला कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे व्हिडिओ गायब आणि वर ताकीद. विचारलं तर म्हणाला, "कॅरेक्टर माझं आहे, वापरायच्या आधी विचारायचं."

आमच्यात लेखी काही म्हणजे काही नाही. मला पैसे नकोत. माझा आवाज माझा आहे हे लिहिलेलं हवंय आणि मैत्रिणीचा स्ट्राइक जायला हवाय. नाहीतर सरळ नाव बदलून, थोडे रंग फिरवून दुसरी टिटवी काढावी का? कुणाला असा अनुभव?

टेटोवेडा: ताई, तुम्ही मिकूचे चाहते, मग कासाने टेटोची गोष्ट तुमच्या ग्रुपमध्ये कुणी काढली नाही? तुमच्यासारखीच वरात. २००८ च्या एप्रिल फूलसाठी जपानच्या टूचॅनल या चर्चेच्या साइटवर लोकांनी मिळून खोटी व्होकॅलॉइड (मिकूसारखी संगणकी गायिका) रचली. वय ३१, हातात फ्रेंच ब्रेड, केसांच्या ड्रिलसारख्या गुंडाळ्या, आणि जात म्हणे किमेरा, म्हणजे अनेक प्राण्यांची सरमिसळ. लोकांना फसवायला म्हणून केलेली, पण नंतर यूटाऊमध्ये खरोखर गायला लागली आणि २०२३ मध्ये तिची सिंथेसायझर व्ही या गायनाच्या सॉफ्टवेअरसाठीची आवृत्ती विकायला आली. तिथेही कल्पना ढीगभर लोकांच्या होत्या. पण आवाज देणारी व्यक्ती आणि चित्र काढणारी व्यक्ती या दोघांनी मिळून 'ट्विनड्रिल' नावाने तिचा कारभार पाहिला. एकट्या चित्रकाराने नव्हे, हे तुमच्या दादांना दाखवा.

उलट टोकाचं उदाहरणही तिथलंच. अक्षरं-चिन्हं जुळवून काढलेलं 'गिको नेको' हे मांजर टूचॅनलवर सगळ्यांचं होतं. २००२ मध्ये टाकारा या खेळण्यांच्या कंपनीने त्या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. लोक असे खवळले की कंपनीने अर्ज मागे घेतला.

अर्धावकील: मी कॉपीराइटच्या केसेस लढत नाही, पण कायदा वाचलेला आहे. तुमची गाडी 'टिटवी कुणाची' या प्रश्नावर अडलीय. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'पात्र' असा वेगळा खाना नाही. चित्राला आहे, लिखाणाला आहे, ध्वनिमुद्रणाला आहे. म्हणून तुकडे करून बघा.

चित्र दादांचं. तिथे वाद घालू नका, हराल. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. गोधडीत डोकं तुम्ही घातलंत, त्या सव्वातीनशे फाइली तुमच्या. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे सही केलेला कागद लागतो. असा कागद नाही म्हणताय, मग तो गेलेलाच नाही. नोंदणी केली नाही म्हणूनही काही बिघडत नाही, हक्क काम होताक्षणी जन्माला येतो. पिवळे मोजे, चिडका स्वभाव या नुसत्या कल्पना. आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कल्पनेवर कॉपीराइट नसतो. म्हणजे मोजे तुमचेही नाहीत आणि दादांचेही नाहीत.

संयुक्त कर्तृत्व म्हणून सगळ्यांनी मिळून दावा करावा म्हणाल, तर त्यात एकाचं काम दुसऱ्यापासून वेगळं काढता येता कामा नये अशी अट आहे. तुमचं तर सहज वेगळं निघतं. ओटो फाइलीपुरता तुम्ही आणि जर्मनीवाले, एवढंच फार तर.

शिळीभाकरी: मी जरा दादाची बाजू घेतो, शिव्या द्या हवं तर. लोक टिटवीला ओळखतात ते कशामुळे? चेहऱ्यामुळे. स्टॉलचं भाडं त्याचं, न खपलेला माल त्याच्या घरात. आठ जणांपैकी किती जण तिथे दिवसभर उभे राहिले?

धागाकर्ती: शिळीभाकरी, स्टॉलबद्दल मी बोललेच नाहीये, कीचेन खुशाल विकू दे. रीडमीतून नाव पुसायला कुठलं भाडं लागलं?

शिळीभाकरी: ते चुकलंच. मान्य.

अर्धावकील: दोन गोष्टी राहिल्या. मैत्रिणीला सांगा, रागाच्या भरात काउंटर नोटीस ('तक्रार चुकीची आहे, व्हिडिओ परत लावा' असं यूट्यूबला लेखी कळवणं) ठोकू नका. व्हिडिओवर चित्र दादांचं होतं ना? 'हे चित्र ग्रुपमध्ये कुणीही वापरा' असा त्यांचा मेसेज असेल तर तो आधी शोधा. तो सापडला तर नोटिशीत दम आहे. तशी नोटीस गेली की तक्रारदाराला कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायला अमेरिकेतले कामाचे १० दिवस मिळतात. नाही सापडला तर चित्र काढून नुसता आवाज ठेवून गाणं चढवा, त्याला ते हात लावू शकत नाहीत. स्ट्राइक ९० दिवसांत उतरतो, पण तीन साचले तर चॅनल जातं. सगळ्यात सोपं म्हणजे दादांनी स्वतः तक्रार मागे घेणं.

दुसरं, नाव बदलून रंग फिरवायचा विचार सोडा. नागराज कॉमिक्स वाचली असतील. त्याच्यासारखाच 'नागेश' बाजारात आला तेव्हा नव्वदच्या दशकात दिल्ली उच्च न्यायालयाने तो रोखला. दादांचं चित्र समोर ठेवून टिटवी नंबर दोन काढलीत तर नागेश तुम्ही व्हाल. नवीन चित्रकाराकडून कोऱ्या कागदावर काढून घ्या, पक्षी काही दादांचा नाही.

बोरकूट: त्या झिपमधला आवाज तुमचाच हे सिद्ध कसं करणार? उद्या म्हणाले की आम्ही पुन्हा रेकॉर्ड केला, तर?

धागाकर्ती: बोरकूट, तुमचा प्रतिसाद वाचला आणि लगेच त्याची झिप उतरवून घेतली. 'ळे' वाजवली. गच्चीवरची टिटवी जशीच्या तशी ओरडतेय! माझ्याकडे मूळ रेकॉर्डिंग आहे, तारखेसकट, त्यात ती ओरडायच्या आधी आई खालून "दूध उतू गेलं" म्हणतेय तेही आहे.

बोरकूट: हा हा, आईंना साक्षीला न्या. ती मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा, तिला एडिट-बिडिट काही करू नका. आणि ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर 'टिटवी' शोधून बघा. दादांनी अर्ज केला असेल तर जर्नलमध्ये छापून आल्यापासून चार महिन्यांत हरकत घेता येते. नंतर फार जड जातं.

टेटोवेडा: आणि त्यांच्याशी फोनवर बोलू नका. मेल करा, शांतपणे. 'झिप काढून टाका' ही धमकी पहिल्या मेलमध्ये नको. आधी रीडमीतली ओळ मागा.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी): सगळ्यांचे आभार, काय झालं ते सांगते. ट्रेडमार्कचा अर्ज नाहीये. मेलसोबत 'ळे'च्या दोन्ही फाइली जोडल्या, बाकी काही लिहिलं नाही, फक्त "दादा, ऐक" एवढंच. चार दिवस शुकशुकाट. मग त्याचा मेल आला. स्टॉलवर कुणीतरी त्याला विचारलं होतं, ही एआयने काढलीय का. ते त्याला फार लागलं, म्हणून सगळीकडे स्वतःचं नाव टाकत सुटला म्हणे. मला हे अर्धं पटलं, अर्धं नाही. स्ट्राइक त्याने मागे घेतलाय. रीडमीत आता आवाज, ओटो, चित्र, नाव असे वेगळे रकाने आहेत. वापराचे नियम जर्मनीवाला लिहितोय: बिनपैशाच्या कामाला सगळ्यांना मोकळीक, विकायचं असेल तर चित्रासाठी दादाला आणि आवाजासाठी मला विचारायचं. यावेळी सह्या घेणार आहोत.

आता भांडण एवढंच उरलंय की यादीत पहिलं नाव कुणाचं. वर्णमालेप्रमाणे लावू म्हटल्यावर दादा लगेच कबूल झाला. त्याचं नाव अ वरून आहे.