एमए प्रोजेक्ट: चीन-आफ्रिका घेऊ की भारत-आफ्रिका? (बजेट २०००)

सीताबर्डी_२२: नमस्कार. नागपूर विद्यापीठात एमए राज्यशास्त्र, शेवटचं सेमिस्टर. सोमवारपर्यंत विषय द्यायचाय. चीन आफ्रिकेतल्या ५३ देशांना घेऊन दर तीन वर्षांनी जी परिषद भरवतो ती घ्यावी (फोकॅक, २००० पासून सुरू आहे) की आपली भारत-आफ्रिका शिखर परिषद? हाताशी सहा आठवडे. पुस्तकं, झेरॉक्स सगळं धरून २००० च्या वर जमणार नाही. कोणी यावर काम केलंय का?

मिशन_यूपीएससी: आयआरचा (आंतरराष्ट्रीय संबंधांचा) ऑनलाइन कोर्स घेऊन टाक. मी १४ हजारांचा घेतला, बांडुंगच्या आशिया-आफ्रिका परिषदेपासून ब्रिक्स गटापर्यंत सगळं कव्हर होतं, माझी प्रीलिम्स त्याच्यावरच निघाली.

सीताबर्डी_२२: दादा, बजेट २००० आहे.

मिशन_यूपीएससी: ईएमआय होतो नं.

वर्धारोडचे_काका: बेटा, भारतच घे. मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या सिव्हिल-२० या नागरी संस्थांच्या गटाची सुरुवातीची बैठक आपल्या नागपुरात झाली, परदेशी पाहुणे या शहरात आले. त्याच वर्षी जानेवारीत १२५ विकसनशील देशांना घेऊन ऑनलाइन परिषद झाली आणि सप्टेंबरात दिल्लीत आफ्रिकन युनियनला जी-२० चं कायम सदस्यत्व मिळालं. हे आपल्या अध्यक्षपदात झालं, याचा मला फार अभिमान आहे.

महाल_ते_मिहान: काकांना +१, भारत घे. फक्त एक अडचण आहे, आपली परिषद २००८, २०११, २०१५ अशी तीनदा झाली आणि चौथी मग वर्षानुवर्षं लांबतच गेली. २०१५ ला आपण १० अब्ज डॉलरचं सवलतीचं कर्ज जाहीर केलं, चीनने त्याच वर्षी जोहान्सबर्गला ६० अब्ज.

वर्धारोडचे_काका: सगळं पैशात मोजायचं नसतं. आयटेक हा आपल्या सरकारचा प्रशिक्षण कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे, त्यांची माणसं आपण शिकवून पाठवतो.

इतवारीवाला: चीनवर भरोसा करू नका बापा. मी तिकडून पॅकिंगची मशीन मागवली, दोन महिन्यांत मोटर जळाली, आता फोन उचलून नाही राहिले.

भगवाननगरकर: काहून? आपल्या मेट्रोचे डबे चीनच्या दालियनहूनच आले नं, रोज चालून राहिले.

इतवारीवाला: मेट्रोचं अन् माझ्या मशीनचं काय घेणंदेणं भाऊ? पावणेदोन लाख माझे गेले.

भगवाननगरकर: मग पूर्ण चीनला काहून धरून राहिले, त्या एका व्यापाऱ्याला धरा नं.

साइटवरचा_माणूस: ताई, मी केनियात तीन वर्षं साइट इंजिनिअर होतो. मोम्बासा-नैरोबी रेल्वे २०१७ ला सुरू झाली, जवळपास ९० टक्के पैसा चीनच्या एक्झिम बँकेचं (त्यांची सरकारी आयात-निर्यात बँक) कर्ज. गाडी चांगली आहे, खोटं कशाला बोलू, पाच-साडेपाच तासांत पोचवते, आधी बसमध्ये अख्खी रात्र जायची. माझ्याबरोबरच्या केनियन पोरांचा राग गाडीवर नव्हता, करारावर होता, कारण कित्येक वर्षं तो लोकांना पाहायलाच मिळाला नाही. परिषदेच्या फोटोत सगळे देश एका रांगेत उभे राहतात, अन् कर्जाचा कागद मात्र प्रत्येकाचा वेगळा, बंद खोलीतला. फोकॅकवर लिहिशील तर हे नक्की लिही.

अंबाझरी_वाचक: कोर्सबिर्स काही घेऊ नकोस. फोकॅकचे कृती आराखडे त्यांच्या साइटवर फुकट आहेत. २०१५ आणि २०१८ ला ६०-६० अब्ज डॉलर, २०२१ ला डाकारला ४०, आणि २०२४ ला बीजिंगला ३६० अब्ज युआन, म्हणजे साधारण ५० अब्ज डॉलर. डॉलर सोडून युआनमध्ये का बोलले, यातच एक प्रकरण होईल. घोषणा किती आणि कर्ज खरंच किती, हे मात्र वेगवेगळं मांड. कर्जांची देशवार यादी बॉस्टन विद्यापीठाच्या साइटवर मिळते. भारताचं हवं असेल तर लोकसभेच्या प्रश्नोत्तरांत लाइन ऑफ क्रेडिट (दुसऱ्या देशाला मंजूर केलेलं सवलतीचं कर्ज) शोध. मी माझ्या वेळी पेपरातले आकडे तसेच उचलले आणि व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी त्याच एका तक्त्यावर पंधरा मिनिटं झापलं.

मिशन_यूपीएससी: हे सगळं त्या कोर्समध्ये आहे.

वर्धारोडचे_काका: १९३८ ला डॉ. कोटणीसांबरोबर चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते. प्रस्तावनेत घे, नागपुरात कोणाला माहीत नसतं याचं वाईट वाटतं.

महाल_ते_मिहान: काका, विषय आफ्रिका आहे. आणि मी पुन्हा सांगतो, भारत घे.

सीताबर्डी_२२: सगळ्यांचे आभार. दोन्ही परिषदा सोडल्या, झांबिया घेतेय. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी कर्ज बुडवलं, मग जी-२० च्या चौकटीत कर्ज देणाऱ्या देशांची समिती बसली, तिचे सहअध्यक्ष चीन आणि फ्रान्स. जून २०२३ ला ६.३ अब्ज डॉलरवर समझोता झाला, त्यातलं निम्म्याहून जास्त चीनच्या एक्झिम बँकेचं. इतरांच्या शेजारी एका टेबलावर बसून सवलत द्यायची वेळ आली तेव्हा चीन कसा वागला, मला तेच बघायचंय. साइटवाल्या दादांचा बंद खोलीचा मुद्दा रात्रभर डोक्यात होता. काका, चोळकरांवर वेगळा लेख नक्की लिहीन.

महाल_ते_मिहान: झांबियावर मराठीत काय मिळणार आहे? गाइड मान्य करतील का?

सीताबर्डी_२२: विचारलं, हो म्हणाले.

साइटवरचा_माणूस: माझा एक जुना सहकारी आता झांबियाच्या राजधानीत, लुसाकात असतो, तिथली बातमीपत्रं पाठवेल. मेसेज बघ.